अक्षरी रुपये: अ‍ॅक्सेसमध्ये आकड्यांचे मराठी आणि कन्नड शब्द कसे करावेत

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका पतसंस्थेत मी पावत्या आणि खातेउताऱ्यांचं काम पाहतो. आमचा सगळा हिशेब मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एका डेटाबेस फाइलमध्ये आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पुष्कळ छोट्या संस्था, दूध डेअऱ्या, दुकानं आणि देवस्थान कमिट्या अजूनही अशाच एखाद्या फाइलवर चालतात. त्या सगळ्यांना एक अडचण हमखास येते. आकड्यातली रक्कम छापली जाते, पण खाली ‘अक्षरी रुपये’ पुढे काय छापायचं?

आमच्याकडे ही ओळ पूर्वी हाताने टाइप होत असे. एका आजींची पंचेचाळीस हजारांची ठेव मुदत संपल्यावर व्याजासह चोपन्न हजारांची करून नवी पावती दिली. आकडा बदलला, अक्षरी ओळ तशीच राहिली. आजींच्या नातवाने काउंटरवरच पावती मोठ्याने वाचली म्हणून ती वेळेत सापडली. पावती बदलून दिली, पण आजींच्या चेहऱ्यावरची धास्ती मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी ही ओळ फाइलकडूनच तयार करून घ्यायचं ठरवलं. ते जमायला जेवढा वेळ लागला तेवढा तुम्हाला लागू नये म्हणून हे लिहितोय.

अक्षरांना किती वजन आहे ते आधी पाहा. परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट), १८८१ च्या कलम १८ प्रमाणे चेक, हुंडी किंवा वचनचिठ्ठीवर आकडा आणि अक्षर वेगवेगळे असतील, तर अक्षरात लिहिलेली रक्कम धरली जाते. ठेव पावतीला हे कलम थेट लागू नसेल, पण वाद झाला की माणसं बोट अक्षरांवरच ठेवतात.

काय काय लागेल

- अ‍ॅक्सेस २००७ किंवा त्यानंतरची कुठलीही आवृत्ती
- विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड कीबोर्ड (सेटिंग्जमधल्या भाषेच्या पानावरून जोडता येतात, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते)
- दोन्ही लिप्या असलेला एक युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संगणकीय पद्धत) फॉन्ट. विंडोज ८ पासून येणारा निर्मला यूआय पुरतो
- तुमच्या फाइलची बॅकअप प्रत, वेगळ्या पेनड्राइव्हवर
- मराठी नीट वाचणारं एक माणूस आणि कन्नड नीट वाचणारं एक माणूस

शेवटची गरज सॉफ्टवेअरएवढीच महत्त्वाची आहे. कारण पायरी ३ मध्ये कळेल.

१. तयार कोड उतरवून घेऊ नका

पहिला मोह हाच होतो. इंटरनेटवर मिळणारा आणि मायक्रोसॉफ्टनेच दिलेला प्रसिद्ध कोड इंग्रजीसाठी आहे. तो थाउजंड, मिलियन, बिलियन असं मोजतो आणि शेवटी डॉलर व सेंट लावतो. दहा लाखांच्या ठिकाणी ‘वन मिलियन’ छापलेली पावती आपल्याकडे कोण घेणार? एक्सेलमध्ये ‘बाथटेक्स्ट’ नावाचं फंक्शन तयार मिळतं, पण ते रक्कम थाई भाषेत लिहितं.

कोडमधलं मिलियन खोडून लाख घातलं तरी काम होत नाही. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाच्या पटीतले आठ शब्द माहीत असले की नव्याण्णवपर्यंत जाता येतं, कारण एकवीस म्हणजे वीसपुढे एक. कन्नडही बरीचशी तशीच: इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, म्हणून एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु. मराठीत तसं नाही. ‘पाच’ हा एकच अंक कसा रूप बदलतो ते पाहा: पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. यातून कोडला नियम काढून देता येत नाही. त्यात एकोणीस, एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे शब्द पुढच्या दशकावरून मागे मोजतात, आणि नव्याण्णवला ती चाल पुन्हा सुटते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढी चर्चा झाली होती. मुलांना शिकवताना ती पद्धत सोपी पडत असेल. पावतीवर मात्र सभासद जे बोलतात तेच छापायला हवं, आणि आपली माणसं एकवीसच म्हणतात.

म्हणून शून्य ते नव्याण्णव हे शंभरच्या शंभर शब्द एका टेबलात भरा. कोडला फक्त भागाकार करू द्या.

२. शब्दांचं टेबल कोडच्या बाहेर ठेवा

इथे बहुतेक जण अडकतात. मीही सुरुवातीला शब्द थेट कोडमध्ये टाइप केले आणि पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. अ‍ॅक्सेसचा कोड लिहायचा व्हिज्युअल बेसिक एडिटर युनिकोड जाणत नाही. तो विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (भाषेगणिक वेगळ्या अक्षरतक्त्यावर) चालतो, आणि देवनागरी किंवा कन्नडसाठी तसं कोडपेजच नाही. त्यामुळे विंडोजची भाषा बदलूनही उपयोग होत नाही. अ‍ॅक्सेसची टेबलं, क्वेरी आणि रिपोर्ट मात्र युनिकोड व्यवस्थित सांभाळतात. म्हणून शब्द टेबलात ठेवायचे आणि कोडने ते तिथून उचलायचे.

पहिल्या टेबलात चार फील्ड ठेवा: संख्या (नंबर प्रकार, प्रायमरी की), मराठी, कन्नड, इंग्रजी. फील्डची नावं मात्र इंग्रजी अक्षरांतच द्या, कारण ती कोडमध्ये टाइप करावी लागतात आणि तिथे देवनागरी चालत नाही हे आत्ताच पाहिलं. एकूण शंभर ओळी होतील.

इंग्रजीचा स्तंभ चेकसाठी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे ग्राहकाला चेक इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या प्रादेशिक भाषेत लिहिता येतो. कर्नाटकात ती भाषा कन्नड. मराठी अक्षरांचा चेक क्लिअरिंगला अडकू नये म्हणून आम्ही चेकवर इंग्रजीच छापतो, आणि पावती, व्हाउचर, पासबुक सभासदाच्या भाषेत.

एक जुना सापळा. अनेक संस्थांत जुन्या याद्या श्रीलिपी किंवा जुन्या नुडी (कन्नड) अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तो मजकूर मराठी-कन्नड दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं. तिथून शब्द कॉपी करू नका. शंभर शब्द नव्याने टाइप करायला एक दुपार लागते, ती द्या.

३. टेबल छापा आणि माणसाकडून वाचून घ्या

कोड लिहिण्याआधी हे करा. टेबलातली चूक कोडला कधीच दिसत नाही, आणि एक चुकीचा शब्द पुढे हजारो पावत्यांवर जातो. मी शंभर ओळी मोठ्या अक्षरात छापून शेजारच्या निवृत्त मराठी शिक्षिकाबाईंकडे नेल्या. त्यांनी सात खुणा केल्या. दोन खऱ्या चुका होत्या: त्रेसष्टच्या जागी त्रेपन्न आणि शहाऐंशीच्या जागी शहाण्णव. उरलेल्या पाच लिहिण्यातल्या फरकाच्या, म्हणजे सेहेचाळीस की शेहेचाळीस अशा. तिथे बरोबर-चूक शोधत बसू नका. एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

कन्नड स्तंभ कन्नड शाळेत शिकलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. आम्ही कन्नड बोलतो म्हणून कन्नड लिहिणं जमतंच असं नाही, आणि आपल्या कन्नड सभासदाला पावती वाचताना अडखळावं लागू नये.

वाचणाऱ्याची सही आणि तारीख त्या कागदावर घ्या. पुढे कुणी विचारलं तर हा कागद कामाला येतो.

४. शंभरीसाठी दुसरं टेबल

मला सगळ्यात जास्त वेळ या ठिकाणी लागला, आणि उत्तर सापडल्यावर सगळ्यात जास्त समाधानही इथेच झालं.

मराठीत १०० म्हणजे शंभर, पण १०१ म्हणजे एकशे एक. ‘शंभर एक’ म्हणत नाही. दोनशेपासून नऊशेपर्यंत मात्र काही बदलत नाही. मी आधी मराठीसाठी कोडमध्ये एक खास अट घातली. मग कन्नडला आलो, तर तिथे जवळजवळ प्रत्येक शंभरीला दोन रूपं. पुढे काही नसेल तर नूरु, इन्नूरु, मुन्नूरु, नानूरु, ऐनूरु. पुढे काही असेल तर नूर, इन्नूर, मुन्नूर. म्हणजे २१० हे ‘इन्नूर हत्तु’. प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या अटी लिहीत गेलं तर कोडचा गुंता होतो.

उत्तर टेबलातच होतं. नऊ ओळींचं दुसरं टेबल करा, एक ते नऊ शेकड्यांचं. प्रत्येक भाषेसाठी दोन फील्ड: ‘सुटं’ आणि ‘जोड’. मराठीत पहिल्या ओळीत सुटं ‘शंभर’, जोड ‘एकशे’. पुढच्या ओळींत दोन्हीकडे तेच, दोनशे-दोनशे, तीनशे-तीनशे. कन्नडमध्ये नूरु-नूर, इन्नूरु-इन्नूर. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वन हंड्रेड’. कोडला भाषा कळायची गरजच उरत नाही. पुढे काही उरलं आहे का, एवढंच तो पाहतो.

हजार, लाख, कोटी यांच्यासाठीही असंच तीन ओळींचं टेबल करा. मराठीत रूप एकच. कन्नडमध्ये साविर आणि साविरद, लक्ष आणि लक्षद असा फरक पडतो.

५,१०० साठी या पद्धतीने ‘पाच हजार शंभर’ येईल. ‘पाच हजार एकशे’ही लोक म्हणतात. संस्थेने एक ठरवावं. दीडशे, अडीच हजार, सव्वा लाख हे मात्र बोलण्यापुरते ठेवा. पावतीवर ‘एकशे पन्नास’ आणि ‘एक लाख पंचवीस हजार’ असंच हवं.

५. आधी रक्कम एकाच ठिकाणी पक्की करा

रकमेचं फील्ड ‘करन्सी’ प्रकारचं असू द्या. ‘डबल’ प्रकारात दशांश अचूक बसत नाहीत. ०.२९ ला १०० ने गुणून पूर्णांक काढला तर २८ येतात, आणि पावतीवर एक पैसा कमी पडतो.

करन्सी चार दशांश स्थळं ठेवतो. व्याजाच्या हिशेबात १,२३४.९९६० अशी रक्कम सहज येते. रुपये आधी वेगळे केले आणि पैसे मागाहून राउंड केले, तर अक्षरी ओळीत ‘पैसे शंभर’ येतं. म्हणून पूर्ण रक्कम आधी दोन दशांशांपर्यंत राउंड करा, मगच रुपये-पैसे वेगळे करा.

याहून वाईट सापळा सहजासहजी दिसत नाही. अ‍ॅक्सेसचं ‘राउंड’ फंक्शन अर्ध्यावरची रक्कम सम अंकाकडे नेतं: ०.१२५ चे ०.१२ होतात. पण रिपोर्टवरचं ‘फॉरमॅट’ तीच रक्कम ०.१३ दाखवतं. म्हणजे वर आकड्यात तेरा पैसे, खाली अक्षरात बारा. जी चूक टाळायला निघालो तीच पुन्हा. उपाय असा: क्वेरीत एक स्तंभ करा, रक्कम तिथे एकदाच राउंड करा, आणि आकडाही त्याच स्तंभातून छापा, अक्षरंही त्याच स्तंभातून काढा.

६. दोन छोटी फंक्शनं

ऑल्ट आणि एफ-११ दाबून एडिटर उघडा, नवीन मॉड्यूल घ्या. मॉड्यूलला फंक्शनचंच नाव देऊ नका. दिलं तर ‘एक्स्पेक्टेड व्हेरिएबल ऑर प्रोसिजर, नॉट मॉड्यूल’ अशी तक्रार येते आणि चूक कोडमध्ये शोधत दिवस जातो.

पहिलं फंक्शन शून्य ते नऊशे नव्याण्णवपुरतं. त्याला संख्या आणि भाषा द्यायची. संख्येला बॅकस्लॅशने, म्हणजे पूर्णांक भागाकाराने, १०० ने भागलं की शेकडा मिळतो. ‘मॉड’ने बाकी मिळते. शेकडा शून्याहून मोठा असेल तर शंभरीच्या टेबलातून शब्द घ्या: बाकी शून्य असेल तर ‘सुटं’, नाहीतर ‘जोड’. बाकी शून्याहून मोठी असेल तर पहिल्या टेबलातला शब्द पुढे जोडा. टेबलातून शब्द आणायला ‘डीलुकअप’ वापरा.

दुसरं फंक्शन पूर्ण रकमेसाठी. रुपयांचा पूर्णांक घ्या. त्यातून कोटी, मग लाख, मग हजार असे भाग काढत जा. प्रत्येक भाग पहिल्या फंक्शनकडे द्या आणि पुढे लाख, हजार हे शब्द लावा. भाग शून्य असेल तर तो शब्दही लावायचा नाही. शेवटी उरलेली तीन अंकी संख्या पहिल्या फंक्शनला द्या. पैसे असतील तर त्यांची संख्याही तशीच त्याच फंक्शनला द्या.

३,०७,०४९ वर करून पाहा. कोटी शून्य, वगळला. लाख तीन, हजार सात. उरले ४९, शेकडा शून्य. उत्तर: तीन लाख सात हजार एकोणपन्नास. कागदावर हे जमलं की कोड जमतोच.

कोटीचा भाग शंभराच्या वर जाऊ शकतो. तोही पहिल्या फंक्शनकडेच दिलात की ‘एकशे वीस कोटी’ बरोबर येतं.

इथल्या चुका भराभर सांगतो:

- रुपये ‘इंटिजर’ प्रकारात घेऊ नका. त्याची मर्यादा ३२,७६७ आहे, पुढे ‘ओव्हरफ्लो’ येतो.
- ‘लाँग’ २१४ कोटींच्या थोडं पुढे जातो. बॅकस्लॅश आणि ‘मॉड’लाही हीच मर्यादा आहे. ताळेबंदातली एकूण ठेव याहून मोठी असू शकते, म्हणून कोटी काढताना साध्या भागाकारावर ‘इंट’ (पूर्णांक भाग देणारं फंक्शन) वापरा आणि वजाबाकीने बाकी काढा.
- ‘मॉड’ दशांश आधी राउंड करतो. त्याला नेहमी पूर्णांकच द्या.
- रक्कम रिकामी असली की ‘इनव्हॅलिड यूज ऑफ नल’ येतं. ‘एनझेड’ने रिकाम्याचं शून्य करा.
- पूर्ण रक्कमच शून्य असेल तेव्हाच ‘शून्य’ हा शब्द छापा.
- प्रत्येक शब्दाआधी एक मोकळी जागा जोडा आणि शेवटी ‘ट्रिम’ लावा. नाहीतर शब्द चिकटतात किंवा मध्ये दोन-दोन जागा सुटतात.

‘डीलुकअप’ दर वेळी टेबल उघडतं. एका पावतीला ते कळतही नाही, पण मार्चअखेर हजारो उतारे काढताना रिपोर्ट रेंगाळतो. तेव्हा शब्द सुरुवातीला एकदाच अ‍ॅरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) भरून घ्या. पहिल्या दिवशी त्याची घाई नको.

७. रिपोर्टवर ओळ बसवणं

रिपोर्टवर नवा टेक्स्टबॉक्स घ्या आणि त्याच्या कंट्रोल सोर्समध्ये बरोबरच्या चिन्हापुढे फंक्शनचं नाव, राउंड केलेला स्तंभ आणि भाषा द्या. ‘रुपये’ आणि ‘फक्त’ हे शब्द इथेच अवतरणात लिहा. रिपोर्टच्या प्रॉपर्टीत देवनागरी चालते, अडचण फक्त कोडच्या एडिटरात आहे.

टेक्स्टबॉक्सला फील्डचंच नाव ठेवू नका, नाहीतर तो स्वतःलाच शोधत राहतो आणि ‘एरर’ दाखवतो. ‘कॅन ग्रो’ ‘यस’ करा. ‘नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव’ एका ओळीत मावत नाही, आणि अर्धवट कापलेली अक्षरी रक्कम न छापलेलीच बरी.

भाषा कुठून आणायची? सभासदांच्या टेबलात ‘भाषा’ असं एक फील्ड जोडा आणि खातं उघडतानाच विचारून भरा. आम्ही आडनावावरून अंदाज करत नाही. आमच्याकडे घरात मराठी बोलणारे पण कन्नड शाळेत शिकलेले सभासद आहेत, आणि कन्नड बोलणारे पण पावती मराठीत मागणारेही आहेत. विचारल्यावर माणसं आनंदाने सांगतात.

अक्षरी ओळ टेबलात साठवून ठेवू नका. दर वेळी आकड्यावरूनच काढा. आजींच्या पावतीत जे झालं ते यामुळेच झालं होतं: रक्कम आणि तिचे शब्द दोन वेगळ्या ठिकाणी राहत होते.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडल्यावर टेक्स्टबॉक्समध्ये ‘नेम’ अशी चूक दिसली तर घाबरू नका. तिथे कोडला परवानगी दिलेली नसते. फाइलचं फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन’मध्ये जोडा.

८. तपासणी

कंट्रोल आणि जी दाबून उघडणाऱ्या खिडकीत मराठी उत्तर प्रश्नचिन्हांत दिसेल, म्हणून तिथे तपासू नका. एका चाचणी टेबलात रकमा भरा आणि क्वेरीत उत्तरं पाहा. या रकमा तरी घ्याच: ०, १, १९, ९९, १००, १०१, २००, ९९९, १,०००, १,००१, १,१००, १०,०००, ९९,९९९, १,००,०००, १,००,००१, १०,००,०००, १,००,००,०००, १००.५० आणि ०.७५. बहुतेक चुका १००, १,००१ आणि १,००,००१ वर उघड्या पडतात, कारण मधल्या शून्यांवर कोड घसरतो.

मग एक ते नऊशे नव्याण्णवपर्यंतची पूर्ण यादी छापा आणि दोघांनी मिळून वाचा, एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने शब्द. आम्हाला एका संध्याकाळचे दोन तास लागले. त्यानंतर महिनाभर प्रत्येक पावती हातात देण्याआधी काउंटरवरच मोठ्याने वाचून दाखवली. सभासदांना ते इतकं आवडलं की महिना संपला तरी आम्ही ते थांबवलं नाही.